एर्सिलियाबाईंचे फाटक

एर्सिलिया कापेयान या बाईंविषयी चार शब्द बरे बोलणारा माणूस पोर्तो प्लाता या आमच्या बंदराच्या गावात शोधूनही सापडला नसता. आणि त्यांच्याकडे कधी ना कधी इंग्रजी शिकायला गेला नाही असा माणूसही सापडला नसता.

मी त्यांच्या घरासमोर, नेरेओच्या दुकानाच्या माडीवर राहते. रंगभूमीने निरोप दिल्यावर माझ्या वाट्याला आलेली ही शेवटची जागा, पण जागा पहिल्या रांगेची. खाली दुकान, मधे अरुंद गल्ली, समोर बाईंची पडवी. ही पडवी गाडी ठेवण्यासाठी बांधलेली. गाडी कधीच आली नाही, म्हणून तिथे खुर्च्या आल्या, फळा आला आणि पुढे लोखंडी गजांचे फाटक आले. मी गावोगाव तंबू ठोकून गाणारी, नाचणारी बाई. टाळ्या पाहिल्या, शिट्ट्या पाहिल्या, एकदा तर फेकलेले अननसही पाहिले. पण त्या गल्लीत रोज संध्याकाळी जो खेळ रंगायचा, त्याची सर आमच्या एकाही खेळाला नव्हती.

बाई कधी बेटाबाहेर गेल्या नाहीत. लहानपणी इंग्रजी बोलणाऱ्या टर्क्स बेटांवरून आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना चर्चच्या मागच्या खोलीत इंग्रजी शिकवले, हातात लाकडी पट्टी घेऊन. एर्सिलियाबाईंनी ते इंग्रजी घेतले आणि ती पट्टीही घेतली. त्यांच्याकडे शिकायला कोण यायचे? हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायका, वेटर, समुद्रावर परदेशी बायकांच्या वेण्या घालणाऱ्या पोरी. दिवसभर उन्हात राबून आलेली माणसे. त्यांना बसायला खुर्ची मिळे, पण बसायची परवानगी नसे. सगळा वर्ग उभा.

बाई वाक्य फेकत, "शी वर्क्स इन द किचन!" पहिली रांग एका सुरात त्याचा प्रश्न करी. दुसरी रांग नकार देई. तिसरी रांग तेच वाक्य कालच्या दिवसात नेऊन ठेवी. मग नवे वाक्य. सूर, ताल, सम, सगळे पक्के. डोळे मिटून ऐकले तर वाटावे, एखादे भजनच चालले आहे. मात्र मधेच बाईंचा आवाज कडाडे.

"कोण बोललं ते? तू? तुझ्या डोक्यात मेंदू आहे की कुस्करलेली केळी? फाटकाशी जा!"

हे फाटक म्हणजे बाईंची खास शिक्षा. चुकलेल्याने वर्गाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी गज धरून, गल्लीकडे तोंड करून उभे राहायचे आणि आपले वाक्य मोठ्याने म्हणत राहायचे. बरोबर येईपर्यंत. येणारे जाणारे बघत, पोरे वाकुल्या दाखवत, कुत्री भुंकत. मी रंगभूमीवरची बाई, तरी मला कधी कुणी इतके उघडे पाडले नव्हते.

नेरेओ व्हेंतुरा हा त्या फाटकाने घडवलेला माणूस. तरुणपणी तोही बाईंचा विद्यार्थी. तेव्हा तो बंदरावर काम करायचा आणि त्याचे लग्न ठरले होते. एका संध्याकाळी त्याला वाक्य आले, "द शिप डझन्ट लीव्ह टुडे." जहाज आज सुटत नाही, इतकेच. पण नेरेओच्या जिभेला ते काही वळेना. बाईंनी त्याला फाटकाशी उभे केले, आणि नेमकी त्याच वेळी त्याची होणारी बायको, तिची आई आणि तिचे भाऊ चर्चमधून परत येत होते. भाऊ थांबले. नेरेओ जहाज सोडतोय, चुकतोय, पुन्हा सोडतोय. शेवटी थोरला भाऊ ओरडला, "अरे, कधी सुटणार तुझं जहाज? आम्ही बॅगा आणू का?"

आमच्या गावात टोपणनाव एकदा चिकटले की मेल्यावरच सुटते. मरणाच्या बातमीतही ते खऱ्या नावाशेजारी लावतात, नाहीतर कोण गेले ते कळत नाही. नेरेओ त्या संध्याकाळपासून 'बार्को' झाला. बार्को म्हणजे जहाज. लग्न झाले, मुले झाली, तरी तो बार्कोच. मग त्याने बंदरावरचे काम सोडले आणि बाईंच्या बरोबर समोरचे घर घेऊन किराणा दुकान काढले. सुटा तांदूळ, थंड बिअर, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले, 'कोलमादो नेरेओ', म्हणजे नेरेओचे दुकान. गिऱ्हाइके म्हणत, "चल, बार्कोकडे बसू."

त्याने मग दोन भलेमोठे स्पीकर आणले. दुकानाकडे पाठ आणि बाईंच्या पडवीकडे तोंड करून ते बसवले. बरोबर फाटकाशी उभ्या राहणाऱ्याच्या थोबाडावर.

तेव्हापासून युद्ध सुरू. इकडून बाचाताची गाणी, तिकडून "डझ शी वर्क?" बाईंनी आवाज चढवला की नेरेओने कळ फिरवलीच. दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. निरोप माझ्यामार्फत. मला सारे 'आर्टिस्टा' म्हणत, म्हणजे कलावंतीण.

"आर्टिस्टा, त्या दुकानदाराला सांग, हा वर्ग आहे, जत्रा नाही."

"आर्टिस्टा, त्या म्हातारीला सांगा, हे दुकान आहे, मठ नाही."

वीज गेली की सारी गल्ली हळहळे. बाई मात्र हात चोळत फळ्यापुढे येत, कारण स्पीकर मुके झालेले असत. अंधारात नुसत्या आवाजाने त्या वर्ग चालवत आणि तो वर्ग सुंदर चाले, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण नेरेओने ट्रकच्या बॅटऱ्या आणल्या, इन्व्हर्टर लावला आणि बाईंचा तोही आसरा गेला. हळूहळू खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. "बाई, ऐकूच येत नाही," असे सांगून एकेक जण जाऊ लागला.

त्यात डॉमिनोचे टेबल. दुकानाबाहेर रोज बसणारे दोन पक्के खेळाडू, बंदरावरचा हमाल मामेर्तो आणि मोटरसायकलवर भाडी मारणारा फेयो. सोंगटी टेबलावर आपटता आपटता ते बाईंच्या वर्गाची टिंगल करायचे. बाईंनी वाक्य टाकले की रांगेच्या आधी हेच उत्तर द्यायचे, बकऱ्यासारखा आवाज काढून. फाटकाशी कुणी उभे राहिले की त्याच्याबरोबर कोरस धरायचे.

"म्हण पोरी, म्हण! आम्ही पण चुकतो, लाजू नको!"

"मामेर्तो, तू तर जन्मालाच चुकून आलास!"

वर्षानुवर्षे हे चालले होते. त्या टवाळीत त्यांच्या जिभेला काय लागत होते, ते कुणी पाहिले नाही. मीही नाही.

मग एके दिवशी बातमी आली. किनाऱ्यावरच्या एका नव्या हॉटेलाला आपल्या सगळ्या नोकरांना इंग्रजी शिकवायचे होते. एक तर ते काम एर्सिलियाबाईंना मिळणार, नाहीतर सांतियागोच्या एका संस्थेला. तिथे म्हणे कानाला यंत्र लावून शिकवतात. हॉटेलच्या सेन्योरा सेलेर स्वतः येऊन बाईंचा वर्ग ऐकणार होत्या. वर्ग आवडला तर पडवी पुन्हा भरणार होती. नाही आवडला तर उरलेले विद्यार्थीही यंत्राकडे जाणार, आणि बाईंच्या घरी रिकाम्या खुर्च्या, फळा आणि म्हातारपण. निवृत्तिवेतन त्यांना कुणी ठेवले होते?

मी खाली नेरेओकडे गेले.

"नेरेओ, एक संध्याकाळ. फक्त एक. स्पीकर बंद ठेव."

तो तांदूळ मोजत होता. मान वर केली नाही. "तिने सांगितलं?"

"ती मेली तरी सांगणार नाही."

"मग मरू दे."

"अरे, तिच्या पोटावर येतंय."

"आणि माझ्या नावावर आलं तेव्हा? माझ्या सासूने मला मरेपर्यंत नेरेओ म्हटलं नाही, आर्टिस्टा. थडग्यात पण बार्को म्हणतच गेली." त्याने पिशवीला गाठ मारली. "बरं. तुमच्यासाठी. गाणी बंद ठेवतो. पण लोकांची तोंडं बंद करायची चावी माझ्याकडे नाही."

मग मी समोर गेले. बाई फळा पुसत होत्या.

"एर्सिलिया, त्या दिवशी कुणाला फाटकाशी उभं करू नकोस. पाहुणीसमोर बरं दिसत नाही."

"तुला शिकवायला सांगितलं का मी? तू गाणं गा."

"माणसं घाबरतात गं तुला."

"घाबरायलाच पाहिजेत. भीती आहे म्हणून क्रियापद जागेवर आहे." आणि खडू माझ्या दिशेने उडवून म्हणाल्या, "चल, वाट सोड, उजेड अडतोय."

ठरलेल्या संध्याकाळी सेन्योरा सेलेर आल्या. नीटनेटका पोशाख, हातात पंखा, चेहऱ्यावर हसूही नाही आणि रागही नाही. मी माझ्या जागेवर बसले, जणू पडदा उघडायचा आहे. आणि पडदा उघडण्याऐवजी वीज गेली. सारी गल्ली काळोखात. नेरेओने शब्द पाळला, इन्व्हर्टर लावला नाही. बाईंनी रॉकेलचा दिवा फळ्याजवळ ठेवला. इतकी शांतता त्या गल्लीत कधी नव्हती.

सुरुवात झकास झाली. वाक्य आले, तिन्ही रांगा गरजल्या. सेन्योरांनी मान डोलावली. पण मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "छान. आता मी एकेकाला विचारते. साधंच. हॉटेलातला पाहुणा विचारतो तसं."

पुढच्या रांगेत युदेल्का होती, वेण्या घालणारी पोर. दिवसभर उन्हात परक्या केसांशी झुंजून रोज धावत वर्गाला येणारी. सेन्योरांनी तिला इंग्रजीत विचारले, "सकाळी तू काय करतेस?"

युदेल्काने तोंड उघडले. आणि तिची नजर फाटकाकडे गेली.

ती गप्प. शेजारचा वेटर गप्प. त्याच्या पलीकडची चादरीवाली गप्प. कोरसमध्ये वाघासारखी डरकाळी फोडणारी माणसे एकटी पडल्यावर मुकी झाली. ही शांतता मी ओळखते. नटाला वाक्य आठवत नाही असे नसते. वाक्य ओठांवर असते, पण चुकले तर काय, हा विचार त्याच्या आधी येऊन बसलेला असतो. बाईंनी इतकी वर्षे त्यांना चुकू दिले नव्हते, आणि आता न चुकता बोलायचे म्हणजे न बोलणे, एवढाच मार्ग त्यांना माहीत होता.

सेन्योरांनी दुसरा प्रश्न टाकला, "व्हेअर डझ युअर मदर लिव्ह?"

आणि काळोखातून, रस्त्यापलीकडून, मामेर्तोचा आवाज आला, "माय मदर लिव्ह्ज विथ मी, अँड शी डझन्ट पे!"

टेबलाभोवती हशा पिकला. सेन्योरांनी चमकून वळून पाहिले. दिव्याच्या पलीकडे त्यांना काही दिसेना.

"अँड यू? व्हॉट डू यू डू?"

"आय ड्राइव्ह अ मोटरसायकल," फेयो ओरडला. "आय डोन्ट ड्राइव्ह इट वेल!"

"व्हाय नॉट?"

"बिकॉज द रोड इज बॅड अँड द रम इज गुड!"

सेन्योरा सेलेर पंखा तोंडावर धरून हसल्या. मग बाईंकडे वळल्या. "प्रोफेसोरा, तुमच्या मागच्या रांगेतली ही मंडळी पुढे का बसवत नाही? असं बोलणारेच हवेत मला. हे तुमचेच विद्यार्थी ना?"

एका शब्दाचे काम होते. 'हो' म्हटले की संपले. युदेल्का कुजबुजली, "हो म्हणा बाई, हात जोडते."

बाई ताठ झाल्या. "माझे? ते रस्त्यावरचे दारुडे आहेत. माझ्या वर्गाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सोनं दिलं तरी मी असल्यांना शिकवणार नाही."

सेन्योरांचे हसू मावळले. त्यांनी पंखा मिटला, पर्स खांद्याला लावली. "मग प्रोफेसोरा, मला तुमच्या वर्गात बोलणारं कुणी दिसलं नाही."

तेवढ्यात खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. दुकान काढल्यापासून ज्याने ही गल्ली कधी ओलांडली नव्हती, तो नेरेओ अंधारातून तरातरा आला.

"संबंध नाही? संबंध नाही म्हणते ही थेरडी! मला अख्ख्या गावात बार्को करून ठेवलं आणि संबंध नाही?"

"आर्टिस्टा, या दुकानदाराला सांग, परीक्षा चालू आहे!" बाई माझ्या माडीकडे बघून ओरडल्या.

मी काय सांगणार? प्रवेश इतका जोरदार होता की मध्ये पडणे हे पाप.

"सेन्योरा," नेरेओ म्हणाला, "या बाईइतकी दुष्ट बाई या किनाऱ्यावर दुसरी नाही. लिहून घ्या. आणि हे पण ऐका." त्याने फाटक ढकलले, आत आला, वर्गाकडे पाठ केली, दोन्ही हातांनी गज धरले आणि गल्लीकडे तोंड करून गरजला, "द शिप डझन्ट लीव्ह टुडे! डझ द शिप लीव्ह टुडे? द शिप डिडन्ट लीव्ह यस्टर्डे!"

शब्द न शब्द स्पष्ट.

"झोपेत पण म्हणतो मी हे. माझ्या बायकोला विचारा. आणि ते दोघं," त्याने टेबलाकडे बोट केले, "माझ्या खुर्च्यांवर बसून, माझी बिअर पिऊन, हिचं इंग्रजी शिकले. हिची टिंगल करता करता. हिने शिकवलंय सगळ्यांना! शिकवून वर लाज काढते, तो हिचा स्वभाव!"

"उच्चार अजून गाढवाचा आहे," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच थेट त्याच्याकडे बघून.

"कुणाकडून शिकलो मग?"

सेन्योरा सेलेर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "प्रोफेसोरा, तुम्हाला शिकवता येतं हे मला पटलं. पण इथे जे तुमच्यापुढे उभे आहेत ते घाबरतात, आणि जे तिकडे बसलेत ते घाबरत नाहीत. पाहुण्यांसमोर मुके उभे राहणारे लोक मला नकोत. या हंगामापुरतं काम तुम्हाला देते. अट एकच. या फाटकाशी पुन्हा कुणाला उभं करायचं नाही."

बाईंनी उत्तर दिले नाही. नकार देण्याची त्यांची ऐपत नव्हती आणि होकार त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. सेन्योरांनी ती शांतता होकार समजून घेतली. जाता जाता फेयोला विचारले, हॉटेलात दरवानाची जागा हवी का. फेयो म्हणाला, "तिथे डॉमिनो खेळू देतात का?" आणि सोंगट्या पुन्हा मांडायला बसला.

दुसऱ्या संध्याकाळी पडवी भरलेली. नेरेओने स्पीकर पुन्हा लावले होते, जरा जास्तच मोठ्याने. वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत युदेल्का चुकली. बाईंचा हात सवयीने फाटकाकडे उचलला गेला, आणि तिथेच थांबला.

"फाटकाशी नाही," त्या दात चावून म्हणाल्या. "बाहेर जा. त्या दारुड्यांच्या टेबलावर जाऊन बस. त्यांच्याशी इंग्रजीत बोल. मी बोलवेपर्यंत तोंड दाखवू नकोस."

बाईंच्या मते ही फाटकापेक्षा भयंकर शिक्षा होती. युदेल्का गल्ली ओलांडून गेली. मामेर्तोने एक खुर्ची पायाने पुढे सरकवली. फेयो ओरडला, "बार्को, आवाज कमी कर, पाहुणी आलीय!" आवाज कमी झाला. मामेर्तोने घसा खाकरला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे विचारले, "टेल मी, डझ युअर टीचर हॅव अ हार्ट?"

युदेल्काने एकदा पडवीकडे पाहिले, एकदा मामेर्तोकडे. मग तिच्यात कुठून बळ आले कोण जाणे. ती एकटी, मोठ्याने म्हणाली, "नो. शी डझन्ट."

हशा उसळला. पडवीतही उसळला. बाईंनी पट्टी फळ्यावर आपटली.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "परत ये."

आता कितीतरी वर्षे हेच चालले आहे. हॉटेलचे काम दर हंगामाला पुन्हा मिळते. युदेल्का त्याच हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करते आणि बाईंविषयी एकही चांगला शब्द बोलत नाही. शिक्षा झालेला विद्यार्थी टेबलाशी येऊन बसला की डॉमिनोवाल्यांना ऐकू यावे म्हणून नेरेओला गाणे हळू करावे लागते. तो परत गेला की गाणे चढते. हे बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आता एक परतला की त्या लगेच दुसऱ्याला चुकलेला ठरवून पाठवतात, मग तिसऱ्याला. कधीकधी सारी संध्याकाळ बाचाताला डोके वर काढता येत नाही.

परवा नेरेओ दारात येऊन, माझ्याकडे न बघता, थेट समोर ओरडला, "अगं ए म्हातारे, अजून किती गाढवं पाठवणार आहेस माझ्या दारात?"

आणि एर्सिलियाबाईंनी फाटकाचे गज धरून, गल्लीकडे तोंड करून उत्तर दिले, "एक जहाज भरेल एवढी!"